ईमेलच्या सर्व्हरवरील जागेचा हिशेब

कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने ईमेलच्या सर्व्हरवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असल्यास ते साहजिक आहे. आमचा पिंड संगणकशास्त्राचा नाही, आणि कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. परंतु ज्या कामात आमचे आयुष्य गेले, त्या कामाचे दप्तर हळूहळू लाकडी कपाटातून निघून सर्व्हरवर जाऊन बसले आहे. पगाराच्या तक्रारी, रजेचे अर्ज, ओव्हरटाइमचे हिशेब, व्यवस्थापनाशी होणारा पत्रव्यवहार, शाखांची इतिवृत्ते, हे सारे आता ईमेलने येते आणि ईमेलनेच जाते. कपाट भरले म्हणजे डोळ्यांना दिसते. सर्व्हर भरत आलेला कोणाला दिसत नाही; तो एके दिवशी पत्रे घेण्याचे थांबवतो, तेव्हाच ते कळते. म्हणून हा विषय जसा तंत्रज्ञांचा आहे, तसाच तो दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाचा आहे. मग ती कामगार संघटना असो, पतपेढी असो, गृहनिर्माण संस्था असो की शाळा असो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सर्व्हरवरील जागा पत्रांपेक्षा प्रतींनी अधिक खाल्लेली असते. तेव्हा काटकसर करावयाची ती आधी प्रतींमध्ये करावी आणि पत्रांना हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

पत्र राहते कोठे?

सर्व्हर ही काही गूढ वस्तू नव्हे. रात्रंदिवस चालू असलेला आणि इंटरनेटला जोडलेला तो एक संगणकच असतो. त्यावर ईमेलची मुख्यतः दोन कामे चालतात. एक प्रोग्रॅम बाहेरून आलेले टपाल स्वीकारतो व आपले टपाल बाहेर पोचवतो. पोस्टफिक्स हे अशा प्रोग्रॅमचे एक प्रसिद्ध नाव. दुसरा प्रोग्रॅम आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवतो आणि मालकाने मागितली की दाखवतो. डव्हकॉट हे त्यातले एक नाव. पहिला टपाल आणणारा-नेणारा, दुसरा पेट्या सांभाळणारा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

पत्रे ठेवण्याच्या पद्धती अनेक आहेत. जुनी पद्धत अशी की एका पेटीतील सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहावयाची, जशी बांधीव वही असते. यात मधलेच एक पान काढावयाचे झाले तर पुढचा सारा मजकूर पुन्हा लिहून काढावा लागतो. पुढे डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९९० च्या दशकात 'मेलडिर' नावाची पद्धत काढली. तीत प्रत्येक पत्राची फाइल वेगळी. कोणतेही पत्र सुटे काढता येते आणि बॅकअप घेताना फक्त नवीन पत्रेच उचलावी लागतात.

तथापि या सोयीचीही किंमत आहे. डिस्क जागा देते ती ठराविक मापाच्या तुकड्यांनी. बहुधा हा तुकडा ४,०९६ बाइटांचा असतो. पत्र हजार बाइटांचे असले तरी त्याला पूर्ण तुकडा द्यावा लागतो. शिवाय लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-४ या रचनेत, डिस्क तयार करतानाच तीवर जास्तीत जास्त किती फाइलींची नोंद होणार हे ठरून जाते. त्यामुळे कधीकधी मोठे विचित्र दृश्य दिसते. जागा शिल्लक असते, पण नवीन पत्र ठेवता येत नाही, कारण नोंदवहीतले रकाने संपलेले असतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला म्हणून नेहमी दोन आकडे विचारावेत: जागा किती उरली, आणि नोंदी किती उरल्या?

फुगवटा कशाचा?

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पहिले पत्र पाठवले. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ईमेल पोचवण्याचे जे नियम लिहिले, त्यांचा वंश आजही चालू आहे. त्या काळचे ईमेल म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे. चित्र, आवाज किंवा आपली देवनागरी त्या गाडीत बसत नव्हती. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही योजना मांडली, आणि पत्रासोबत अटॅचमेंट, म्हणजे जोडपत्र, सर्रास पाठवणे शक्य झाले.

परंतु गाडी जुनीच होती. तेव्हा युक्ती अशी केली की फाइलचे प्रत्येक तीन बाइट घेऊन त्यांची चार साधी अक्षरे करावयाची आणि ती पाठवावयाची. या युक्तीला 'बेस ६४' म्हणतात. परिणाम उघड आहे. तिनाचे चार झाले. सहा मेगाबाइटांचे जोडपत्र ईमेलमध्ये शिरताच आठ मेगाबाइटांचे होते, आणि ओळींच्या शेवटच्या खुणा धरल्या तर त्याहून थोडे जास्तच.

आता आपल्या मराठी पत्राकडे पाहू. यूटीएफ-८ या प्रचलित लिपिव्यवस्थेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना-मात्रेची चिन्हे वेगळी मोजावयाची. दोन हजार चिन्हांचे, म्हणजे साधारण पानभराचे, पत्र सहा हजार बाइटांचे झाले. इंग्रजीच्या तिप्पट म्हणून कोणी नाक मुरडील; पण सहा मेगाबाइटांच्या एका फाइलच्या जागेत अशी एक हजार मराठी पत्रे मावतात! एक हजार माणसांनी मनापासून लिहिलेल्या तक्रारी एका बाजूला, आणि सभेतील हारतुऱ्यांची दोन छायाचित्रे दुसऱ्या बाजूला. जागेच्या तराजूत पारडे छायाचित्रांचेच जड.

व्याख्यानाच्या दिवशी फळ्यावर मांडलेला हिशेब येथे पुन्हा देतो. समजा, मध्यवर्ती कचेरीने सहा मेगाबाइटांचे परिपत्रक चाळीस शाखांना पाठवले, आणि सर्व शाखांच्या पेट्या एकाच सर्व्हरवर आहेत. प्रत्येक पेटीत आठ मेगाबाइट, म्हणजे चाळीस पेट्यांत ३२० मेगाबाइट. पाठवणाऱ्याच्या 'पाठवलेली पत्रे' या कप्प्यात आणखी आठ. एकूण ३२८. मूळ कागद मात्र एकच! त्यातून दहा शाखांनी ते आपापल्या कार्यकारिणीतील पाच-पाच जणांना पुढे ढकलले, तर पन्नास नव्या प्रती आणि ढकलणाऱ्यांच्या कप्प्यांतील दहा, अशी ४८० मेगाबाइटांची आणखी भर पडली.

उत्तरांचीही अशीच गोष्ट आहे. उत्तर देताना खालचे सारे जुने पत्र तसेच ठेवण्याची चाल पडली आहे. दहा पत्रांची देवाणघेवाण झाली, तर दहाव्या पत्रात मागची नऊही असतात. प्रत्येक पत्र एक पान धरले, तर दहा पानांच्या मजकुरासाठी एकेका पेटीत पंचावन्न पाने साठतात.

उपाय तीन

पहिला उपाय पाठवणाऱ्याच्या हातचा आहे. फाइल सर्व्हरवर एका ठिकाणी ठेवावी आणि पत्रात केवळ तिचा पत्ता, म्हणजे लिंक, द्यावी. नोटिस बोर्डावर एक कागद लावला तर शंभर माणसे वाचतात. शंभर कागद छापावे लागत नाहीत. यातच हेही येते की कागदाचे छायाचित्र मोबाइलने काढून जसेच्या तसे पाठवू नये. ते सहज तीन-चार मेगाबाइटांचे होते. तोच कागद स्कॅनरवर काळ्यापांढऱ्यात घेतला तर त्याच्या लहानशा हिश्श्यात काम भागते आणि अक्षरही स्वच्छ येते.

दुसरा उपाय सर्व्हरचा आहे. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून गणिताने तिचा एक ठसा काढता येतो, जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो. दोन फाइलींचे ठसे तंतोतंत जुळले तर त्या एकच आहेत असे धरून सर्व्हर एकच प्रत ठेवतो, आणि चाळीस पेट्यांत त्या प्रतीकडे जाण्याच्या खुणा ठेवतो. परंतु हा उपाय फुकटचा नव्हे. खुणांचा हिशेब सांभाळण्यात यंत्राचे श्रम जातात, आणि ती एक प्रत बिघडली तर चाळीसही जणांचे नुकसान होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या सर्व्हरमध्ये ही सोय वर्षानुवर्षे होती; २०१० च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली, कारण डिस्क स्वस्त झाली होती आणि यंत्राचा वेग अधिक मोलाचा ठरला होता. लहान संस्थेच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा असू शकतो. ज्याने त्याने आपली परिस्थिती पाहून ठरवावे.

तिसरा उपाय म्हणजे पत्रे दाबून ठेवणे. साधा मजकूर दाबला तर पुष्कळ आक्रसतो, कारण भाषेत तेच तेच शब्द पुन्हा येतात. छायाचित्रे आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेली असतात, त्यामुळे त्यांतून मूळ आकाराखाली फारसे काही निघत नाही. तरीपण बेस ६४ ने जो तिनाचे चार करणारा फुगवटा आणला होता, तो दाबण्याने बहुतांशी उतरतो. वाचणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. सर्व्हर पत्र उघडून देतो तेव्हा ते पूर्ववत झालेले असते.

हटवलेले पत्र जाते कोठे?

येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. पत्र हटवले म्हणजे जागा मोकळी झाली, असे नाही. बहुतेक ठिकाणी हटवलेले पत्र प्रथम कचरापेटीत जाते, आणि कचरापेटीही त्याच डिस्कवर असते. तेथूनही काढले, तर ईमेल वाचण्याच्या आयमॅप पद्धतीप्रमाणे त्यावर आधी केवळ 'काढावयाचे' अशी खूण होते. ते खरोखर पुसण्याची आज्ञा वेगळी असते. काही साठवणपद्धतींत त्यानंतरही सर्व्हरच्या व्यवस्थापकाने सफाईची फेरी मारावी लागते, तेव्हाच जागा हाती येते. आणि बॅकअपमधील प्रत तर निराळीच. तेव्हा कचरापेटी आणि स्पॅमचा कप्पा तीस दिवसांनी आपोआप रिकामा व्हावा असा नियम सर्व्हरवर लावून ठेवणे इष्ट. निरुपयोगी टपाल तेथे सर्वांत जास्त असते, आणि ते काढण्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

कोटा

आता कोट्याचा विचार करू. रेशनच्या दिवसांपासून हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. एका पेटीने सगळी डिस्क व्यापू नये म्हणून प्रत्येक पेटीला मर्यादा घालतात.

एके काळी ही मर्यादा फारच तोकडी होती. हॉटमेलची पेटी २ मेगाबाइटांची असे. आजचे एक छायाचित्रही तीत मावणार नाही. माणसे रोज पेटी झाडीत. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेलची घोषणा केली आणि एक गिगाबाइट जागा देऊ केली, तेव्हा तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून 'काही काढू नका, लागेल तेव्हा शोधा' ही सवय जगाला लागली. मोठ्या कंपनीच्या हजारो डिस्कांवर ती सवय खपते. आपल्या संस्थेच्या एका डिस्कवर ती खपत नाही, हे मात्र आपण विसरतो.

कोटा भरला की काय होते? सर्व्हर येणाऱ्या पत्राला दोनपैकी एक उत्तर देतो. 'आत्ता जागा नाही, पुन्हा या' असे म्हटले, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. 'जागा नाही, परत जा' असे म्हटले, तर पत्र तत्काळ परत जाते. यांतले कोणते उत्तर द्यावयाचे हे व्यवस्थापकाला ठरवता येते, आणि आमच्या मते पहिलेच द्यावे. कारण दुसऱ्या उत्तराचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो तो पाहा. तालुक्याच्या गावी असलेला एखादा कामगार, कामावरून कमी केल्याची नोटीस हाती पडल्यावर, मुलीकडून ईमेल लिहवून घेतो आणि संघटनेला पाठवतो. मिनिटभरात त्याला इंग्रजीत यंत्राचे पत्र येते की तुमचे पत्र नाकारले गेले आहे. यंत्राने जागेविषयी सांगितले. त्या घरात त्याचा अर्थ असा लावला जातो की संघटनेने आपल्याला नाकारले. हे नुकसान मेगाबाइटांत मोजता येत नाही.

म्हणून कोटा लावावा, पण पेटी ऐंशी टक्के भरताच मालकाला सूचना जावी, नव्वदला पुन्हा जावी, आणि ती सूचना मराठीत असावी. तक्रारींच्या सार्वजनिक पेटीला इतरांपेक्षा मोठा कोटा असावा. आणखी एक बारीक गोष्ट. पेटी काठोकाठ भरली की पत्र कचरापेटीत हलवणेही कधीकधी अशक्य होते, कारण हलवताना क्षणभर दुसरी प्रत तयार होते आणि तिला जागा नसते. यासाठी कचरापेटीला कोट्याबाहेर थोडी सवलत द्यावी लागते. घर साफ करण्यासाठी अंगणात थोडी जागा मोकळी असावी लागते, तसेच हे.

काय ठेवावे, हे कोणी ठरवावे?

येथवर यंत्राचे झाले. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. प्रती कमी केल्या, कचरा काढला, तरी कधीतरी पत्रांनाच हात लावण्याची वेळ येते. तेव्हा काय ठेवावयाचे आणि काय काढावयाचे?

सर्वांत सोपा नियम, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा, म्हणजे वयाचा नियम: अमुक दिवसांहून जुने ते सारे पुसावे. आमच्या कामात एक प्रकरण आले होते. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे नव्वद दिवसांहून जुनी पत्रे सर्व्हरवरून आपोआप पुसली जात. एका खात्यातील कामगारांना रविवारी कामावर येण्याचे हुकूम ईमेलने गेले होते. वर्षभराने त्या ओव्हरटाइमचा वाद निघाला, तेव्हा हुकूम कोणाच्याच पेटीत नव्हते. जागा वाचवण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू होता हे खरे. पण ज्याच्याकडे हजेरीपट, पगारपत्रक आणि वकील आहे, त्याचे एक पत्र गेल्याने काही अडत नाही. ज्याच्याकडे त्या पत्रावाचून दुसरा कागदच नाही, त्याचे सर्वस्व जाते. एका कामगाराने ते हुकूम आलेल्या दिवशीच संघटनेच्या पेटीकडे पाठवून ठेवले होते, तेवढ्यावर बोलणी सुरू होऊ शकली.

यावर तोड नवीन शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग पाडण्याची जुनी रीत आहे. 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' चे तीस वर्षे, 'क' चे दहा, 'क-१' चे पाच, आणि 'ड' चे एक वर्ष. कागदाचे वय नंतर पाहावयाचे, आधी त्याचे मोल ठरवावयाचे, हे या रीतीतील शहाणपण आहे. ईमेलच्या पेटीतही असेच कप्पे करता येतात आणि प्रत्येक कप्प्याला वेगळी मुदत लावता येते. करार, निवाडे, नेमणुकीचे व बडतर्फीचे हुकूम 'अ' मध्ये. सभेच्या वेळेची सूचना 'ड' मध्ये. वर्ग कोणता, हे यंत्राने ठरवू नये. ते कार्यकारिणीने ठरवावे आणि ठराव करून लिहून ठेवावे.

'अ' वर्गाचे पत्र कसे ठेवावे, याचेही उत्तर कायद्यात आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या सातव्या कलमाप्रमाणे, जतन केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे पाहता आला पाहिजे, तो मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवील अशा स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कोठून, कोणाकडे, कोणत्या तारखेला व वेळेला गेला हे कळले पाहिजे. ईमेलच्या माथ्यावर, बहुधा दडवलेल्या, ज्या ओळी असतात त्यांत ही माहिती असते. नुसता मजकूर उतरून घेतला की ती जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली असा पुरावा न्यायालयात देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात फाइलचा तो गणिती ठसाही नमूद करावयाचा असतो. प्रती ओळखण्यासाठी सर्व्हर जो ठसा वापरतो, तसलाच ठसा कागद बदललेला नाही हे सांगण्यासाठी न्यायालय मागते! म्हणून 'अ' वर्गाच्या पत्रातून जागेसाठी जोडपत्र तोडून काढू नये. ते पूर्ण पत्र, मूळ स्वरूपात, दुसऱ्या डिस्कवर हलवावे, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच कायम ठेवणे हेही चांगले नव्हे. सभासदांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, आजारपणाचे दाखले यांच्या प्रती काम संपल्यावरही पेटीत पडून राहिल्या, तर त्या जागा खातात आणि चोराच्या हाती लागण्याची भीती राहते ती निराळीच. काम झाले की अशी जोडपत्रे पुसणे हे सभासदांप्रती आपले कर्तव्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे धोरणही हेच आहे.

आरंभ कोठून करावा?

एखाद्या संस्थेच्या चिटणीसाने उद्या सकाळी काय करावे, असे एका श्रोत्याने विचारले होते. आमचे उत्तर असे. प्रथम मोजमाप करावे: कोणत्या पेट्या सर्वांत मोठ्या, कोणती जोडपत्रे सर्वांत जड. मग स्पॅम व कचरापेटी यांना तीस दिवसांची मुदत लावावी. पाच मेगाबाइटांवरील फाइलींसाठी लिंकची रीत सुरू करावी. पत्रे दाबून ठेवण्याची सोय असल्यास ती चालू करावी. कोट्याच्या सूचना मराठीत कराव्या. सर्व्हरच्या स्वतःच्या कामाच्या नोंदी पत्रांहून वेगळ्या भागात ठेवाव्या, म्हणजे एक भाग भरला तरी दुसरा चालू राहील. एवढ्याने बहुधा इतकी जागा सुटते की पत्रांना हात लावण्याची घाई उरत नाही. आणि त्या उसंतीत कार्यकारिणीने बसून वर्गवारीचा ठराव करावा. नवी डिस्क विकत घेण्याचा विचार या सर्वांच्या नंतर. ती स्वस्त आहे हे खरे, पण शिस्तीवाचून घेतलेली डिस्कही जुन्या डिस्कच्याच वाटेने जाते.

या कामाला मोठे शिक्षण लागत नाही. आठवड्यातून एक तास देणारा एक जबाबदार माणूस, आणि त्याने मांडलेले आकडे दर महिन्याच्या सभेत वाचून दाखवण्याची प्रथा, एवढे ज्या संस्थेत असेल, त्या संस्थेच्या दारातून कोणाचेही पत्र जागेअभावी परत जाणार नाही.